ओटावाचे रफ रायडर्स आणि सस्कॅचवानचे रफरायडर्स

कॅनडाच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये बरीच वर्षं संघ होते नऊ, आणि त्यांतल्या दोघांचं नाव जवळपास एकच. (हा लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ आहे, एका बाजूला 12 खेळाडू.) एक संघ राजधानी ओटावाचा, दुसरा पश्चिमेकडच्या गव्हाच्या मुलखातला, सस्कॅचवान प्रांतातल्या रिजायना शहराचा. जुने निकाल वाचताना हमखास गल्लत होते.

ओटावाचा क्लब 1876 सालचा, रफ रायडर्स हे नाव 1898 पासूनचं. 1920च्या दशकाच्या मध्यात काही वर्षं तो सेनेटर्स नावाने खेळला. रिजायनाच्या क्लबने 1924 मध्ये रफरायडर्स नाव घेतलं, पुढे त्यात प्रांताचं नाव आलं. तेव्हा कुणाची अडचण झाली नाही. पूर्वेचे आणि पश्चिमेचे संघ आपापल्या गटात खेळायचे, गाठ पडलीच तर ग्रे कपच्या, म्हणजे देशाच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम सामन्यात.

अशी गाठ चारदा पडली: 1951, 1966, 1969 आणि 1976. यातल्या मधल्या दोन लढतींमागची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. 1960 ते 1962 या काळात ओटावाकडे रस जॅक्सन आणि रॉन लँकेस्टर असे दोन अव्वल क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारे खेळाडू) होते. जागा एकच. ओटावाने कॅनडातच जन्मलेल्या जॅक्सनला ठेवलं आणि लँकेस्टर 1963 मध्ये सस्कॅचवानला गेला. 1966 मध्ये त्याने जॅक्सनच्याच ओटावाला 29-14 हरवून सस्कॅचवानला पहिला ग्रे कप मिळवून दिला! 1969 मध्ये जॅक्सनने थेट सहा गुण देणारे चार टचडाउन पास टाकत 29-11 अशी परतफेड केली आणि त्या सामन्यानंतर निवृत्ती घेतली. 1976 मध्ये लँकेस्टर पुन्हा समोर होता. शेवटची 20 सेकंदं उरली असताना टॉम क्लेमेंट्सचा पास टोनी गॅब्रिएलने झेलला, ओटावा 23-20 जिंकलं. तो त्यांचा नववा आणि अखेरचा कप.

खरा फरक मालकीचा. सस्कॅचवानचा संघ लोकांच्या मालकीचा. पैसे संपत आले तेव्हा 1987 मध्ये टीव्हीवरून मदत मागून तो तगवला गेला. ओटावाचा संघ मात्र 1990च्या दशकात एका खासगी मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला आणि 1996च्या हंगामानंतर बंद पडला. इतका जुना क्लब असा जाणं फार वाईट झालं.

नंतर ओटावात रेनेगेड्स आले (2002 ते 2005), मग 2014 मध्ये रेडब्लॅक्स. त्यांनी जुन्या संघाचा लाल-काळा रंगच नावात घेतला आणि 2016 मध्ये कॅल्गरीला जादा वेळेत 39-33 हरवून कप आणला.

तेव्हा 1996 नंतरच्या बातमीत रफरायडर्स दिसले, तर ते रिजायनाचेच. त्याआधीचा, पण 1948 नंतरचा सामना असेल तर पोशाख पाहा: हिरवा-पांढरा सस्कॅचवानचा, लाल-काळा ओटावाचा.