मानेला गाठ लागत नाही, तरी मानेचं ऑपरेशन का?

घशाचा कर्करोग सुरुवातीलाच सापडला, तरी सांगली-मिरजेत डॉक्टरांसमोर बसलेले नातेवाईक हमखास विचारतात, ‘मानेला हाताला काहीच लागत नाही, मग मान कशाला उघडायची?’ प्रश्न रास्त आहे. शल्यचिकित्सकही त्यावर शतकभर वाद घालत आले आहेत.

१९०६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज क्राइल यांनी १३२ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. घशाचा कर्करोग पसरताना आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत, म्हणजे शरीराच्या छोट्या गाळण्यांसारख्या गाठींत उतरतो. क्राइल यांच्या पद्धतीत या ग्रंथींबरोबर बाजूचा मोठा स्नायू, आतली मोठी शीर आणि खांदा उचलणारी नसही काढली जाई. रोग आटोक्यात येई, पण खांदा उतरे, हात डोक्यावर नेता येत नसे. ज्याचं पोट शेतातल्या कामावर आहे, त्याच्यासाठी हे नुकसान किती मोठं! तरीही पुढची पन्नासेक वर्षं हीच रीत चालली.

१९६० च्या दशकात अर्जेंटिनाचे ओस्वाल्दो सुआरेझ आणि इटलीचे एत्तोरे बोक्का यांनी स्नायू, शीर, नस राखून ग्रंथी काढता येतात हे दाखवलं. १९७२ मध्ये लिंडबर्ग यांनी कुठला कर्करोग आधी कुठल्या ग्रंथींत उतरतो याचा नकाशाच मांडला. त्यामुळे सगळी मान उघडायची गरज उरली नाही. स्वरयंत्राच्या रोगात साधारण मानेच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या बाजूच्या ग्रंथी काढतात, हनुवटीखालच्या सोडतात.

जागेचा फरक इथेच कळतो. खुद्द स्वरतंतूंत ग्रंथींकडे जाणाऱ्या बारीक लसिकावाहिन्या अगदी विरळ, शिवाय आवाज बसल्यामुळे रोग लवकर उघडकीला येतो. तिथे सुरुवातीच्या टप्प्यात मानेला सहसा हात लावत नाहीत. स्वरतंतूंच्या वरच्या भागात मात्र वाहिन्यांचं दाट जाळं असतं. तिथला रोग दोन्ही बाजूंना लपून पसरतो, म्हणून हाताला काही लागलं नाही तरी मानेवर उपचार करतात. मूळ रोगावर रेडिएशन द्यायचं ठरलं, तर मानेलाही तेच देतात.

‘आधी काढा की वाट पाहा’ या वादात सर्वांत वजनदार पुरावा मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहून, गाठ आली तरच काढायचं ठरलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हा अभ्यास तोंडाच्या कर्करोगाचा आहे, घशाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण वाट पाहायची तर नेमाने तपासणीला यावं लागतं, आणि जत-आटपाडीसारख्या लांबच्या तालुक्यातल्या रुग्णाला दर महिना-दोन महिन्यांनी ते जमेल का, हे ऑपरेशन ठरवतानाच विचारलं पाहिजे.