१९७२ साली घोडे गेले कुठे?

जुनी अमेरिकन मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनाची गाडी) घेऊन घरच्या गॅरेजमध्ये तिच्याशी झटापट करणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे: १९७२ साली प्रदूषणाच्या नियमांनी इंजिनांचा गळा आवळला आणि ताकद एका वर्षात पाव हिश्श्याने घटली. पुराव्याला शेव्हरोले कॉर्वेट असतेच. तिचं साधं ३५० घनइंची व्ही-८ इंजिन १९७१ मध्ये २७० अश्वशक्तीचं, पुढच्या वर्षी २००.

घसरला तो मुख्यतः कागदावरचा आकडा. तोवर जाहिरातीत ‘ग्रॉस’ अश्वशक्ती छापत: इंजिन स्टँडवर, एअर फिल्टर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, गाडीचा सायलेन्सरही नाही. १९७२ पासून ‘नेट’ आकडा आला, म्हणजे हे सगळं लटांबर जोडून मोजलेला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन-हवेचं मिश्रण किती दाबलं जातं ते, खरंच उतरलं होतं, पण जनरल मोटर्सने ते १९७१ च्याच मॉडेलांत, कमी ऑक्टेनच्या, म्हणजे जास्त दाब न सोसणाऱ्या, पेट्रोलसाठी उतरवलं.

म्हणून बहात्तरची गाडी हाती येताच पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीतल्या, वाफा पुन्हा इंजिनात जाळायला पाठवणारी प्रदूषणरोधक झडप) उपटून फेकणाऱ्यांची मला गंमत वाटते. त्याने सत्तर घोडे परत येत नाहीत; क्रँककेसमध्ये वाफा कोंडून ऑइल मात्र लवकर खराब होतं. खर्च करायचाच तर कॉम्प्रेशन, कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) आणि एक्झॉस्टवर करा.