देहाच्या वाटेने आघातावर उपचार : पार्श्वभूमी

मानसिक आघातावर शरीराच्या माध्यमातून उपचार करणाऱ्या पद्धती आज ‘सोमॅटिक थेरपी’ या नावाने ओळखल्या जातात. त्यांची माहिती देताना सुरुवात बहुधा मज्जासंस्थेच्या आकृतीपासून केली जाते. पण यातील बरीच तंत्रे त्या आकृतीच्या कितीतरी आधीची असून ती व्यायाम शिकवणाऱ्यांच्या वर्गांत आकाराला आली. हा क्रम ध्यानात ठेवला, तर या उपचारांचे मोल आणि मर्यादा दोन्ही नीट जोखता येतात.

वैद्यकशास्त्राला हा विषय अगदीच अपरिचित होता, असे नाही. पॅरिसचे मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ मध्येच मांडले होते की, असह्य अनुभव सुसंगत आठवण म्हणून न उरता संवेदना आणि आपोआप घडणाऱ्या हालचालींच्या रूपात टिकून राहतो. पहिल्या महायुद्धात अंगावर जखम नसताना थरथरणारे, वाचा गेलेले, चालणे विसरलेले सैनिक रुग्णालयांत येऊ लागले आणि १९१५ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांच्या लेखामुळे ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखनात आला. त्याच वर्षी हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी भीती आणि संतापाच्या वेळी शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कसे सज्ज होते, हे ग्रंथरूपाने दाखवले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एब्रॅम कार्डिनर यांनी १९४१ मध्ये युद्धजन्य विकाराचा गाभा शारीरिक असल्याचे लिहिले. तरीही उपचाराची मुख्य रीत बोलण्याचीच राहिली.

दुसरा प्रवाह बर्लिनमधला होता आणि माझ्या मते तोच अधिक निर्णायक ठरला. एल्सा गिंडलर (१८८५–१९६१) या व्यायामशिक्षिका होत्या. त्यांच्या वर्गात ठरावीक कसरती करून दाखवल्या जात नसत. विद्यार्थ्याने जमिनीवर पडावे, पाठीचा कोणता भाग टेकला आहे, श्वास कुठे अडतो आहे, जबडा विनाकारण आवळलेला आहे का, हे स्वतःच न्याहाळावे आणि त्या न्याहाळण्यातून होणारा बदल होऊ द्यावा, एवढीच अपेक्षा असे. त्यांच्या शिष्या शार्लट सेल्व्हर १९३८ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि पुढे कॅलिफोर्नियातील एसालेन संस्थेत त्यांनी हीच रीत शिकवली.

मनोविश्लेषणाच्या बाजूने विल्हेल्म राइश यांनी १९३०च्या दशकात दडपलेल्या भावना स्नायूंच्या ताठरपणात कवचासारख्या साठतात, हा विचार मांडला. नंतर मात्र ते ‘ऑर्गोन’ नावाच्या कथित ऊर्जेच्या मागे लागले. न्यायालयाच्या आदेशानुसार १९५६ मध्ये अमेरिकेत त्यांचे ग्रंथ जाळण्यात आले आणि १९५७ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. ग्रंथ जाळणे निषेधार्हच होते; पण त्या दाव्यांनी देहाधारित उपचारांवर संशयाची जी सावली पाडली, ती दीर्घकाळ हटली नाही.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या पाठपुराव्यानंतर १९८० मध्ये ‘पीटीएसडी’ म्हणजे आघातोत्तर तणावविकाराला अमेरिकी मनोविकारवर्गीकरणात स्थान मिळाले. याच सुमारास कॅलिफोर्नियात उपचारक पीटर लेव्हिन यांची ‘सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग’ ही पद्धत घडत होती. तिच्यात घटना सविस्तर सांगण्याचा आग्रह नसतो. रुग्णाने आधी पावलांना लागणारी जमीन किंवा हाताची ऊब असे शरीरातले शांत ठिकाण शोधायचे, मग छातीतल्या घट्टपणाकडे क्षणभर लक्ष न्यायचे आणि पुन्हा त्या शांत ठिकाणी परतायचे. आघाताची मात्रा अशी थोडी थोडी घेतली जाते, कारण सगळे एकदम उसळले, तर रुग्ण पुन्हा त्याच भोवऱ्यात सापडतो.

शास्त्रीय चौकट या तंत्रांना नंतर मिळाली. मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी १९९४ मध्ये आघाताच्या स्मृतीच्या शारीरिक बाजूवर गाजलेला लेख लिहिला आणि त्याच वर्षी अमेरिकी संशोधक स्टीफन पोर्जेस यांनी ‘पॉलिव्हेगल’ सिद्धांत मांडला. त्यानुसार मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतेच्या दोन शाखांची कामे वेगळी असून एक सुरक्षिततेशी, तर दुसरी गोठून जाण्याशी निगडित आहे. उपचारकांनी तो उचलून धरला. मात्र या सिद्धांतात केवळ सस्तन प्राण्यांची म्हटलेली काही वैशिष्ट्ये इतर प्राण्यांतही आढळतात, असा गंभीर आक्षेप शरीरक्रियातज्ज्ञांनी घेतला आहे.

योगाच्या अंगाने या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रात येतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. त्यांचे काम आघाताविषयी नव्हते, पण आसन-प्राणायामाची वैज्ञानिक तपासणी करता येते, ही दृष्टी त्यातून रुजली. व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रियांचा समावेश होता. दहा आठवड्यांनंतर योगगटातील ५२ टक्के स्त्रियांना पीटीएसडीचे निकष लागू राहिले नाहीत. तुलनेसाठी आरोग्यशिक्षण दिलेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते.

लेव्हिन यांची पद्धत २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या मच्छीमार गावांत वापरली गेली. तिची यादृच्छिक चाचणी (सहभागींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागून केलेली) इस्राएलमध्ये झाली आणि २०१७ मध्ये तिचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध झाले, पण तिच्यात सहभागी ६३ जणच होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ संघटनेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांत ठाम शिफारस आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारी बोलण्याची पद्धत) आणि त्याच घराण्यातल्या पद्धतींचीच आहे. त्यामुळे चालू असलेले औषध किंवा समुपदेशन सोडून केवळ देहाधारित उपचारावर विसंबावे, असे म्हणण्याइतका पुरावा आज हाती नाही.