टेन्शनर झिजला की टायमिंग चेन लांबली? आवाज एक, दुखणी दोन

मोटरसायकलच्या इंजिनाच्या वरच्या भागातून खडखड येऊ लागली की पहिला संशय टायमिंग चेनच्या टेन्शनरवर जातो. तो बहुधा बाहेरूनच दोन बोल्टवर बसलेला असतो, इंजिन न उघडता निघतो आणि चेनच्या कामापुढे त्याचा खर्च किरकोळ वाटतो. म्हणून तोच आधी बदलतात. आवाज थांबतो. काही हजार किलोमीटर गेले की तीच खडखड परत येते आणि नवा टेन्शनर डुप्लिकेट होता असे ठरते. अनेकदा त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नसतो, चेन लांबलेली असते. उलटही घडते. धडधाकट चेन हेड (सिलिंडरचा वरचा भाग) काढून बदलली जाते, आणि आत अडकून बसलेला टेन्शनर पुसून पुन्हा जागेवर लावला जातो. दोन्ही वेळा पैसे गेलेच, वर दुखणे तसेच.

दोन्हींतला फरक कळण्यासाठी चेन कुठून ताठ असते आणि कुठून ढिली, हे डोळ्यांसमोर हवे. पिस्टनच्या जोरावर फिरणारा खालचा दांडा म्हणजे क्रँक, व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा म्हणजे कॅम, आणि दोघांना जोडते ती टायमिंग चेन. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. कॅमच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) ३४ दात असतील तर क्रँकच्या छोट्या स्प्रॉकेटला १७. क्रँक चाकाच्याच दिशेने फिरत असेल, आणि बहुतेक मोटरसायकलींत तसेच असते, तर तो चेनची पुढची बाजू खाली ओढतो. म्हणून पुढची बाजू ताठ राहते आणि तिच्या मागे फक्त एक स्थिर गाईड पुरतो. ढील सगळी मागच्या बाजूला जमा होते. तिथे रबर किंवा प्लास्टिकचे अस्तर असलेली वाकडी पट्टी असते, आणि त्या पट्टीला पाठीमागून दाबून धरणारा दांडा म्हणजे टेन्शनर.

टेन्शनर निकामी झाला तर चेनची लांबी तीच असते, फक्त ढील कोणी उचलत नाही. गाडी ओढत असताना पुढची बाजू ताठच असल्यामुळे आवाज कमी येतो. आयडलला किंवा थ्रॉटल सोडल्यावर मात्र कॅमचा उंचवटा ओलांडताना व्हॉल्व्हची स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते, पुढची बाजू क्षणभर सैल पडते आणि चेन दोन्ही पट्ट्यांवर आपटते. ती खडखड हीच.

चेन लांबते तेव्हा लोक ‘चेन ताणली’ म्हणतात, पण पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीचे बुश झिजते. ६.३५ मिमी पिचची (पिच म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधले अंतर), ९० कड्यांची चेन धरा. एकूण लांबी ५७१.५ मिमी. प्रत्येक सांध्यात अवघी ०.०६ मिमी झीज झाली, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतकी, तरी पूर्ण चेन साडेपाच मिमीच्या आसपास वाढते. ही सगळी वाढ ढील होऊन टेन्शनरच्या बाजूला जमा होते. टेन्शनर चांगला असेल तर तो आणखी पुढे सरकून ती गिळतो, आणि आवाज बराच काळ येतच नाही. इथेच फसगत होते.

कारण ताठ बाजूही लांबलेली असते आणि तिचे टेन्शनर काहीही करू शकत नाही. क्रँकपासून कॅमपर्यंत पुढच्या बाजूला ३५ कड्या असतील आणि चेन १ टक्का वाढली असेल, तर कॅम एका दाताच्या सुमारे ०.३५ भागाने मागे पडतो. ३४ दातांच्या स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे कॅमचे १०.६ अंश. म्हणजे कॅम ३.७ अंश आणि क्रँकच्या हिशेबात जवळजवळ साडेसात अंश उशिरा चालतो. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, कमी आरपीएमला गाडीची ओढ मरते, थंडीत स्टार्टला त्रास होतो. नवा टेन्शनर घालून खडखड बंद झाली तरी हे साडेसात अंश तिथेच राहतात.

आवाजावरून किती कळते? थोडेच, पण सुरुवात तिथूनच करावी. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेन्शनरच्या अंगावर आणि मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवली की आतली आपटआपट स्पष्ट ऐकू येते. सगळ्या आरपीएमला नियमित तालात येणारी बारीक ‘टिक टिक’ मात्र टॅपेटची असते आणि ती रॉकर कव्हरवर (रॉकर म्हणजे कॅमच्या धक्क्याने व्हॉल्व्ह दाबणारा हात) जास्त ऐकू येते. टॅपेट सैल असताना टेन्शनरला हात लावण्यात अर्थ नाही, म्हणून आधी क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) बघून घ्यावा. टेन्शनर हायड्रॉलिक असेल तर रात्रभर उभ्या गाडीत सकाळी दोन-चार सेकंद खडखड येऊन ऑइल प्रेशर चढताच बंद होणे ही त्याच्या चेक व्हॉल्व्हमधून ऑइल ओसरल्याची खूण आहे. गरम इंजिनातही आवाज सुरू राहिला तर ऑइलची पातळी, प्रेशर आणि चेन, तिन्हींकडे बघावे लागेल.

खरी खात्री दोन ठिकाणी होते: टायमिंगच्या खुणांवर आणि टेन्शनरच्या दातांवर.

खुणांसाठी प्लग आणि मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचे चुंबकाचे चाक) कव्हरवरच्या दोन्ही झाकण्या काढा. क्रँक पुढच्याच दिशेने, म्हणजे डावीकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट, पान्याने हळूहळू फिरवत टी खूण खाचेसमोर आणा. खूण ओलांडली गेली तर मागे फिरवू नका. मागे फिरवल्यावर ताठ बाजू सैल होते आणि जे दिसते ते खोटे असते. पूर्ण दोन फेरे मारून पुन्हा या. कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा, टी खूण तीच दाखवते) असेल तर दोन्ही रॉकर हाताला थोडे हलतात. आता कॅम स्प्रॉकेटवरच्या रेघा हेडच्या काठाशी बरोबर जुळत असतील तर चेनची लांबी ठीक आहे आणि संशय टेन्शनरवर जातो. रेघा फिरण्याच्या दिशेच्या हिशेबात पाव-अर्धा दात मागे रेंगाळलेल्या दिसल्या तर चेन लांबलेली आहे, टेन्शनर कितीही चांगला असो. बरोबर पूर्ण एक दात चूक दिसली तर चेन दात सुटून बसली आहे किंवा कोणीतरी चुकीची बसवली आहे. तो प्रश्न निराळा.

दातांची मोजणी फार कमी लोक करतात, आणि खरे तर सगळ्यात बोलका पुरावा तोच आहे. रॅचेट (दांड्याला दातादाताने फक्त पुढे सरकू देणारा खटका) असलेल्या टेन्शनरच्या मागचा मधला बोल्ट काढून आधी स्प्रिंग बाहेर घ्या. स्प्रिंग आत असताना दोन मुख्य बोल्ट सोडले तर दांडा झेप घेऊन पुढे जातो आणि पुरावा पुसला जातो. स्प्रिंग काढली की दांडा आहे त्या दातावर अडकून राहतो. मग दोन्ही बोल्ट सोडून टेन्शनर अलगद बाहेर काढा आणि दांड्यावरचे किती दात बाहेर आले आहेत ते मोजा. एकूण दातांपैकी थोडेच बाहेर असतील आणि तरी चेन खडखडत होती, तर टेन्शनर पुढे सरकत नव्हता: दांडा अडकला, स्प्रिंग थकली किंवा मोडली. जवळजवळ सगळे बाहेर असतील तर तो आपले काम करून संपला आहे, आणि आता दोषी चेन किंवा पट्टी. पट्टी विसरू नये. चेनच्या कड्यांच्या साइड प्लेट तिच्या अस्तरात दोन समांतर खाचा पाडतात. त्या धातूपर्यंत पोचल्या की टेन्शनर तेवढाच जास्त पुढे येतो आणि ऑइलच्या जाळीवर काळे कण सापडतात.

काढलेला टेन्शनर हातात तपासा. रॅचेट न दाबता दांडा अंगठ्याने आत ढकला. एका दातापुरती हालचाल चालेल, त्यापुढे तो जाता कामा नये. भिंगाने दात बघा, माथे गोल झाले असतील तर धक्क्याला तो मागे सरकणारच. काही टेन्शनरांत रॅचेटऐवजी आटे असलेला दांडा आणि गुंडाळी स्प्रिंग असते. मागची झाकणी काढून बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर आत घालून घड्याळाच्या दिशेने फिरवला की दांडा आत जातो. सोडला की तो झटकन, न अडखळता बाहेर आला पाहिजे. मध्येच थबकला तर तो इंजिनातही तिथेच थबकत होता.

नवा बसवताना क्रँक टीडीसीवरच ठेवा आणि टेन्शनर बाहेर असेपर्यंत क्रँकला किंवा किकला हात लावू नका. ढिली चेन एक दात सुटली तर क्रँकच्या हिशेबात २१ अंशांचा फरक पडतो, आणि काही इंजिनांत तेवढ्यात व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतो. पृष्ठभागावरचे जुने पॅकिंग खरवडताना कण आत पडू देऊ नका. रॅचेटचा खटका दाबून दांडा पूर्ण आत घाला, नवे गॅस्केट लावा, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. ते सहसा एम६ असतात आणि ॲल्युमिनियमच्या आट्यात जातात. १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरते, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. त्यानंतरच स्प्रिंग आणि नव्या वॉशरसह मागचा बोल्ट. तो आवळताना दात पुढे सरकल्याचे कट-कट हाताला जाणवते. आट्याचा टेन्शनर मात्र दांडा आत लॉक करून बसवायचा आणि शेवटी लॉक सोडायचा.

एक चूक इथे फार महागात पडते. ऑइल पाझरतेय म्हणून टेन्शनरचे दोन बोल्ट दोन-तीन आटे सैल करायचे, गॅस्केट नीट बसवायचे आणि परत आवळायचे. अंग मागे येते तेवढ्यात दांडा पुढे सरकून नव्या दातावर अडकतो, आणि बोल्ट आवळताना पूर्ण टेन्शनर पट्टीला जबरदस्तीने दाबतो. चेन तारेसारखी ताठ होते, कण्हल्यासारखा आवाज येतो, पट्टी आणि कॅमच्या बेअरिंगची जागा झिजते, कधी टेन्शनरचे बोल्ट बसतात ते कानच तुटतात. बोल्ट जरा जरी सैल केले तरी टेन्शनर पूर्ण काढून, दांडा आत घालूनच परत लावावा. ‘थोडा जास्त ताण बरा’ म्हणून दांडा हाताने पुढे ढकलणेही तितकेच वाईट.

चेन बदलायची ठरली तर काम वेगळ्या पातळीवर जाते. अखंड चेन असेल तर तिच्या बाजूचे कव्हर उघडून क्रँकच्या स्प्रॉकेटपर्यंत पोचावे लागते. अनेक सिंगल सिलिंडर इंजिनांत त्यासाठी मॅग्नेट पुलरने (ओढून काढण्याच्या अवजाराने) काढतात. मॅग्नेटवर हातोडी नको. मागच्या पट्टीचा खालचा बोल्टही बहुधा तिथेच असतो, आणि पुढचा गाईड हेड काढल्यावर वरून उचलता येतो. जुनी चेन सरळ पसरून, हलकी ताणून २० पिच मोजा. ६.३५ मिमी पिचला मूळ लांबी १२७ मिमी. दीड टक्का वाढ म्हणजे १२८.९ मिमी, आणि तिथे चेन टाकून द्यायचीच. एकाच जागी मोजू नका, तीन-चार ठिकाणी मोजा, झीज सगळीकडे सारखी नसते. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे वाकले असतील तर नवी चेन त्यांच्यावर लवकर खराब होईल. इंजिन इतके उघडलेच आहे तर दोन्ही पट्ट्या बदलाव्यात, एवढा खर्च वाचवण्यात शहाणपण नाही. जुना टेन्शनर वर सांगितलेल्या तपासणीत पास झाला असेल तर तो चालतो.

नव्या चेनवर दांडा पहिल्या काही दातांतच थांबला पाहिजे. नवी चेन, नवी पट्टी असूनही तो शेवटापर्यंत बाहेर आला तर कड्यांची संख्या चुकलेली आहे, जुन्या चेनशी मोजून बघा. टेन्शनर बसवल्यावर प्लग बाहेर ठेवून क्रँक पान्याने पुढच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा तपासा. मध्येच कडक अडथळा आला तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला आहे, टायमिंग परत मांडावे लागेल. स्टार्ट केल्यावर पहिले काही सेकंद हलका आवाज चालेल. इंजिन गरम होऊन आयडलला शांत झाले की बंद करून थंड होऊ द्या आणि टेन्शनरच्या खालच्या काठावरून बोट फिरवून बघा. बोट ओले लागले तर गॅस्केट बदलायचे आहे, आणि त्यासाठी टेन्शनर परत पूर्ण बाहेर काढायचा आहे.