‘मेड इन यूएसए’चा शिक्का आणि आयात गिटार : वादाची पार्श्वभूमी

आयात गिटार अमेरिकेत बनलेल्या गिटारच्या तोडीची असते का, हा प्रश्न १९६० च्या आधी अमेरिकेत फारसा निघत नसे. स्वस्त गिटारही तेव्हा घरचीच असे. शिकागोतल्या हार्मनी आणि के या कारखान्यांतून नवशिक्यांच्या गिटार ढिगाने बाहेर पडत. सीअर्सच्या कॅटलॉगमधून त्या ‘सिल्व्हरटोन’ या नावाने गावोगाव पोचत. न्यू जर्सीतली डॅनइलेक्ट्रो मेसनाइटच्या, म्हणजे दाबून केलेल्या लाकूडतंतूंच्या पातळ फळ्या वापरून बॉडी बनवत असे.

या गिटार वाईट नव्हत्या, पण काटकसर उघड दिसे. हार्मनीच्या कित्येक मॉडेलांच्या मानेत फिरवून तिचा वाक कमी-जास्त करता येणारा ट्रस रॉड नसून नुसती पोलादी पट्टी असे. तारांच्या ताणाने मान वाकली की ती सरळ करायला जागाच उरत नसे. वीस वर्षांनी अशी गिटार हातात घ्या, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, तारा बोटभर उंच गेलेल्या सापडतील. आज जे दोष ‘आयात मालाचे’ म्हणून मोजले जातात, त्यांतले बरेच तेव्हा शिकागोच्या मालात होते. ते दोष किमतीचे होते, देशाचे नव्हते.

फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकी टीव्हीवर दिसले आणि गिटारची मागणी घरच्या कारखान्यांना पेलेनाशी झाली. ती पोकळी जपानने भरली. टेस्को, गुयाटोन, कावाई यांच्या गिटार वेगवेगळ्या दुकानदारांच्या नावांनी बंदरांत उतरू लागल्या. दशक संपता संपता लाट ओसरली आणि त्यात आधी घरचेच स्वस्त कारखाने बुडाले. के आणि व्हॅल्को १९६८ च्या सुमारास, डॅनइलेक्ट्रो १९६९ मध्ये, हार्मनी १९७५ मध्ये. तळाचा कप्पा पूर्णपणे आयात मालाचा झाला, वरच्या कप्प्यात फेंडर, गिब्सन आणि मार्टिन राहिले. तेव्हापासून लोक दोन किमतींची तुलना करतात आणि तिला दोन देशांची तुलना म्हणतात. या वादातला मूळ गुंता हाच आहे.

सुरुवातीच्या जपानी गिटारबद्दलची तक्रार मात्र खरी होती. प्लायवूडच्या बॉडी, जाडजूड माना, कुचकामी ट्रस रॉड. गिब्सनच्या लेस पॉल या मॉडेलच्या १९७० च्या आसपासच्या नकला बाहेरून हुबेहूब दिसत. पण मान चिकटवलेली नसून स्क्रूने बसवलेली असे आणि कमानदार माथ्याच्या जागी वाकवलेलं प्लाय, खाली पोकळी. वाजवताना ती पोकळी ऐकू येई. त्यात लाकूड कसं सुकवलंय हाही प्रश्न होता. दमट हवेत मोकळं ठेवलेलं लाकूड बारा-चौदा टक्के ओलावा धरून राहतं. गिटारला लागतो साधारण सहा ते आठ टक्के. नीट न सुकवलेली मान समुद्र ओलांडून हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात आली की फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं टेकायची फळी, आडव्या दिशेने आकसतो, पण फ्रेटची तार धातूची असल्याने तेवढीच राहते. मग फ्रेटची टोकं कडेबाहेर येऊन हाताला करवतीसारखी लागतात. आजही नवी स्वस्त गिटार पहिल्या हिवाळ्यात हेच करते, तेव्हा हा दोष ऐतिहासिक म्हणून सोडून देता येत नाही.

जपानी कारखाने शिकले, आणि वेगाने शिकले. मात्सुमोतो शहरातलं फुजिगेन १९६० मध्ये सुरू झालं. नागोयाच्या होशिनो कंपनीच्या ‘आयबनेझ’ या ब्रँडसाठी ते गिटार बनवू लागलं. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या नकलांतली पोकळी गेली, माना चिकटवलेल्या येऊ लागल्या. जून १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबनेझची अमेरिकेतली वितरक एल्गर हिच्यावर फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. दावा होता हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, उघड्या पुस्तकासारख्या आकाराबद्दल. गिटारच्या आतल्या रचनेचा त्यात प्रश्न नव्हता. एल्गरने तो आकार आधीच बदलत आणला होता आणि प्रकरण तडजोडीवर मिटलं. तरीही त्या काळातली कुठलीही जपानी नक्कल आज ‘लॉसूट गिटार’, म्हणजे दाव्यातली गिटार, म्हणून विकली जाते. त्या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याआधी हे लक्षात ठेवावं, की दावा एकाच वितरकावर होता.

त्याच वर्षांत घरचा माल घसरत होता. सीबीएस या टीव्ही कंपनीने १९६५ मध्ये १.३ कोटी डॉलरना फेंडर विकत घेतली होती. १९७१ च्या अखेरीपासून फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलची मान चार स्क्रूंऐवजी तिनांवर बसू लागली. कल्पना चुकीची नव्हती, कारण सोबत मानेचा कोन बदलण्याची सोय होती. पण बॉडीतला मानेचा खाचा सैल कापला गेला, की तीन स्क्रूंवरची मान बाजूला सरके आणि पातळ तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरे. बॉडी जड, वर पॉलिएस्टरचा जाड थर. गिब्सनकडे लेस पॉलची बॉडी एकसंध महोगनीऐवजी थर चिकटवून होऊ लागली, माना तीन तुकड्यांच्या झाल्या. तीन तुकड्यांची मान वास्तविक जास्त स्थिर असते, तिला दोष देणं मला पटत नाही. पण एकूण हातकाम ढिलं पडलं होतं हे खरं. म्हणून १९७८ ची जपानी गिटार आणि त्याच साली अमेरिकेत बनलेली गिटार शेजारी ठेवली, तर निकाल जपानकडे झुकणं अजिबात नवलाचं नाही.

फेंडरने हे मान्य केलं ते कृतीतून. १९८१ मध्ये कंपनी सावरायला आणलेली माणसं यामाहाच्या अमेरिकी शाखेतून आली होती. १९८२ मध्ये कांदा शोकाई आणि यामानो गाक्की यांच्या भागीदारीत फेंडर जपान उभी राहिली, गिटार फुजिगेनमध्ये बनू लागल्या आणि त्यांतल्या काहींवर ‘स्क्वायर’ हे नाव आलं. मूळचं स्क्वायर म्हणजे तारा बनवणारी जुनी अमेरिकी कंपनी, फेंडरने आधीच विकत घेतलेली. जेव्ही या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या त्या पहिल्या स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात. १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ यांच्या गटाने सीबीएसकडून फेंडर घेतली तेव्हा फेंडरचा जुना, फुलरटनचा कारखाना व्यवहारात नव्हताच. कॅलिफोर्नियातल्या करोना शहरातला नवा कारखाना उभा राहीपर्यंत फेंडरचा बहुतेक माल जपानी होता. अमेरिकी नाव टिकलं ते आयात मालाच्या जोरावर.

पण १९८५ च्याच सप्टेंबरात डॉलरचा भाव उतरवण्याचा प्लाझा करार झाला. डॉलरला सुमारे २४० येन मिळत होते, १९८८ उजाडेपर्यंत १२५ च्या आसपास आले. जपानी गिटार अमेरिकेत स्वस्त राहणं शक्यच नव्हतं. काम कोरियाला, सॅमिक आणि कॉर्टकडे गेलं. पुढे कोरियातली मजुरी वाढली तसे त्याच कंपन्यांचे कारखाने इंडोनेशियात निघाले. फेंडरने १९८७ मध्ये मेक्सिकोतल्या एन्सेनाडा इथे कारखाना सुरू केला, करोनापासून जेमतेम ३०० किलोमीटरवर. गिब्सनने एपिफोन १९७० मध्येच जपानला हलवलं होतं. ते कोरियामार्गे चीनमधल्या चिंगदाओच्या स्वतःच्या कारखान्यात पोचलं. पीआरएस या अमेरिकी कंपनीची स्वस्त एसई मालिका कोरियात सुरू झाली आणि आता मुख्यतः इंडोनेशियात बनते. दर वेळी नव्या देशातला पहिला माल कच्चा आणि काही वर्षांनंतरचा चांगला, असंच होत आलं. त्यामुळे ‘कोरियन गिटार’ असं मोघम मत निरुपयोगी ठरतं. १९८८ ची कोरियन गिटार आणि २०१० ची कोरियन गिटार या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांनी उरलेला मोठा फरक मिटवला. मानेचा खाचा, फ्रेटच्या चिरा, ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाची) जागा ही कामं यंत्र सगळीकडे सारखीच अचूक करतं. ६४८ मिलिमीटरची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, करोनात आणि इंडोनेशियातल्या सुराबायात तीच. मग फरक उरतो कुठे? जिथे माणसाचा वेळ लागतो तिथे, आणि सुट्या भागांत.

सगळ्यात आधी नट पाहावा, म्हणजे मानेच्या टोकाची ती पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. कारखान्यात खाच जास्त खोल गेली तर नट बदलावा लागतो. उथळ राहिली तर गिटार तशीच खोक्यात भरता येते. म्हणून घाईच्या ठिकाणी खाचा मुद्दाम उथळ ठेवल्या जातात. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. ती केसाएवढी, ०.१ मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असेल तर पहिल्या तीन फ्रेटवरचे कॉर्ड चढे लागतात, मोकळ्या तारा कितीही सुरात लावल्या तरी. कित्येक नवशिके गिटार बेसूर म्हणून खुंट्या बदलतात, दोष असतो नटमध्ये.

मग मान. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तार सतराव्या फ्रेटवर दाबली, तर सातव्या-आठव्या फ्रेटपाशी सुमारे ०.२५ मिलिमीटर फट असावी आणि मोकळ्या तारेची उंची सतराव्या फ्रेटवर १.६ मिलिमीटरच्या आसपास. ही मापं ट्रस रॉड आणि ब्रिजने साधली आणि तरी एखादाच स्वर खरखरला, तर तो फ्रेट उंच आहे. तीन फ्रेटवर टेकणारी सरळ धातूची पट्टी ठेवून ती डुलते का पाहिलं की तो सापडतो. फ्रेट घासून एका पातळीत आणणं, माथे पुन्हा गोल करणं, टोकं गुळगुळीत करणं हे तासांचं काम आहे आणि महाग गिटारच्या किमतीत मुख्यतः तेच भरलेलं असतं. स्वस्त आयात गिटारवर हे काम कारागिराकडून करून घेतलं, तर हाताला जाणवणारं अंतर बहुतेक संपतं.

सुट्या भागांचं गणित वेगळं. स्वस्त गिटारच्या सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपमध्ये, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या भागात, अनेकदा पोलादी खिळे आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते, महागड्यांत अल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या कांड्या. आवाजातला फरक बराचसा इथून येतो. हे बदलता येतं, पण मापं आडवी येतात. आयात गिटारमधले आवाज कमी-जास्त करणारे छोटे पॉट साधारण ८ मिलिमीटरच्या भोकात बसतात, अमेरिकी पॉटला ९.५ लागतात, म्हणजे भोक रीमरने मोठं करावं लागतं. ड्रिल लावलं तर भोकाभोवतीचा रंग उडतो. जुनी नॉबही नव्या दांड्यावर बसत नाहीत, कारण दात्यांची संख्या वेगळी. सहा स्क्रूंच्या ट्रेमोलोत (दांड्याने हलवता येणाऱ्या ब्रिजमध्ये) कडेच्या दोन स्क्रूंमधलं अंतर अमेरिकी जुन्या पद्धतीत सुमारे ५६ मिलिमीटर, बऱ्याच आयात आणि मेक्सिकन गिटारमध्ये ५२.५. न मोजता ब्रिज मागवला की तो परत पाठवावा लागतो. काही स्वस्त मॉडेलांची बॉडी नेहमीच्या ४४ ऐवजी ४० मिलिमीटरच्या आसपास जाड असते. त्यात ट्रेमोलोखालचा पूर्ण उंचीचा पोलादी ब्लॉक बसवला तर तो पाठीमागे बाहेर येतो.

शिक्क्याबद्दलही थोडं. आयात वस्तूवर मूळ देश लिहिणं अमेरिकेत १९३० च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे, पण कित्येक जुन्या गिटारवर तो नुसता सोलता येणारा स्टिकर असे. म्हणून आज त्यांचं मूळ ओळखणं अवघड जातं. घरच्या मालावर बिनशर्त ‘मेड इन यूएसए’ लिहायचं तर वस्तू ‘पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे’ तिथलीच हवी, असा फेडरल ट्रेड कमिशनचा निकष आहे. तरी लाकूड बाहेरून येतच असतं: रोजवूड, एबनी, महोगनी. २००८ मध्ये वन्यजीवांच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या लेसी कायद्यात सर्व प्रकारच्या वनस्पती आल्या आणि बेकायदा तोडलेल्या लाकडाची जबाबदारी आयात करणाऱ्यावर पडली. २००९ आणि २०११ मध्ये गिब्सनवर छापे पडले, २०१२ मध्ये कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. त्यात मादागास्करच्या एबनीचा विषय होता. जानेवारी २०१७ पासून रोजवूडच्या सगळ्या जाती साइट्स या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परवान्याखाली आल्या, तेव्हा आयात आणि घरच्या दोन्ही गिटारवर पाऊ फेरो आणि लॉरेल या दुसऱ्या लाकडांचे फिंगरबोर्ड दिसू लागले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण स्वस्त मॉडेलांवर ती पर्यायी लाकडं टिकून राहिली. वाजवताना त्यांनी काही बिघडत नाही. मात्र बोर्ड कोरडा पडू देऊ नये, वर्षातून एक-दोनदा पातळ तेलाचा हात द्यावा आणि खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के राखावी.