क्वांटम संगणक आणि तुमचा मेल सर्व्हर : आधी काय बदलायचे

दोन मेल सर्व्हर एकमेकांशी जोडले जातात तेव्हा आधी एक गुप्त किल्ली ठरते आणि मग मजकूर एईएस या कूटपद्धतीने कुलूपबंद होतो. एईएस-२५६ ला क्वांटम संगणकाचा फारसा धोका नाही. धोका आहे तो किल्ली ठरवण्याच्या पद्धतीला. त्यासाठी आजवर वापरल्या जाणाऱ्या आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह या पद्धतींमागचे गणित गणितज्ञ पीटर शोर यांच्या १९९४ च्या रीतीने क्वांटम संगणकावर सुटते. अडले आहे ते तेवढ्या मोठ्या यंत्रावाचून. मात्र आज जाणारी माहिती कुणी साठवून ठेवली, तर यंत्र आल्यावर ती उघडेल. वैद्यकीय अहवाल किंवा मृत्युपत्राचे मसुदे वीस वर्षांनीही गुप्तच राहायला हवेत, म्हणून आमचा आग्रह आहे की हे काम आत्ताच करावे.

अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-केईएम हे क्वांटम संगणकापुढेही टिकावे अशा किल्ली ठरवण्याच्या पद्धतीचे मानक जाहीर केले. ते एक्स२५५१९ या जुन्या, इलिप्टिक कर्व्हवरच्या पद्धतीच्या जोडीने वापरतात. दोन्ही फुटल्याशिवाय किल्ली हाती लागत नाही.

सर्व्हरवर पोस्टफिक्स हे मेल सॉफ्टवेअर असेल तर पोस्टफिक्स ३.१०, कूटलेखनाची लायब्ररी ओपनएसएसएल ३.५ (किंवा दोन्हींच्या पुढच्या आवृत्त्या) आणि जोडणी सुरक्षित करणारा प्रोटोकॉल टीएलएस १.३ हवा. पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ या सेटिंग फाइलमधल्या कर्व्ह आणि एफएफडीएचई (किल्ली ठरवण्याची आणखी एक जुनी पद्धत) गटांच्या दोन्ही याद्या रिकाम्या करा, म्हणजे निवड ओपनएसएसएल करेल. जुनी यादी तिथे राहून गेली, तर सगळे अपडेट करूनही किल्ली जुन्याच पद्धतीने ठरते. टीएलएसची लॉग पातळी १ ठेवून येणारी आणि जाणारी, दोन्ही बाजू तपासा : 'की-एक्स्चेंज'पुढे एमएलकेईएम७६८ दिसले पाहिजे. समोरच्या सर्व्हरला ते येत नसेल तर जोडणी जुन्या पद्धतीनेच होते.

अडचण बहुधा फायरवॉलवर येते. एक्स२५५१९ ची सार्वजनिक किल्ली ३२ बाइटची, एमएल-केईएम-७६८ ची १,१८४ बाइटची. त्यामुळे टीएलएसचा पहिलाच संदेश एका पॅकेटमध्ये मावत नाही आणि काही जुनी उपकरणे तो अडवतात. स्टार्टटीएलएसनंतर (साधी जोडणी सुरक्षित करण्याच्या आज्ञेनंतर) टाइमआउट होऊन मेल रांगेत साचू लागल्या, तर आधी फायरवॉलचे फर्मवेअर अपडेट करा. दोष समोरच्या बाजूला असेल, तर तेवढ्याच डोमेनसाठी पोस्टफिक्समध्ये वेगळा ट्रान्सपोर्ट (मेल पाठवण्याचा वेगळा मार्ग) करून त्याला जुनी यादी द्या. सगळ्यांसाठी नवी पद्धत बंद करू नका.

डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनच्या मेलवरील डिजिटल सहीची, पद्धत बदलायची घाई नाही. खोटी सही करायला यंत्र त्या वेळी हातात लागते. आजच्या मेल साठवून त्यासाठी उपयोग नाही.

हे संरक्षण फक्त वाटेवरचे आहे. सर्व्हरवर मेल उघडीच असते. फार नाजूक कागद सेव्हन-झिपमध्ये एईएस-२५६ ने बंद करा, फाइलींची नावे लपवण्याचा पर्याय निवडा आणि किमान २० अक्षरांचा यादृच्छिक पासवर्ड फोनवर सांगा, मेलने नको.