उलटे आटे, सुलटे आटे: जुनी सायकल उघडताना

वीस-पंचवीस वर्षं अडगळीत उभी असलेली सायकल बाहेर काढली की पहिल्या तासाभरात एकच गोष्ट कळते: काहीही हलत नाही. सीट वर-खाली होत नाही, पायडल सुटत नाही, चेन ज्या वळणात होती त्याच वळणात ताठ बसलेली असते. अशा वेळी हात आपोआप हातोडीकडे जातो. माझाही गेला होता. पहिल्याच सायकलीच्या क्रँकची, म्हणजे पायडल ज्या दांड्याला लागतं त्याची, कॉटर पिन मी ठोकून काढायला गेलो, पिनेचं टोक चेपून पसरलं आणि दहा मिनिटांच्या कामाला दोन आठवडे लागले. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. पाना लावण्याआधी स्वतःला विचारायचं, हा भाग नेमका कशाने धरून ठेवलाय? गंजाने, आट्यांच्या दिशेने, की दोन धातूंच्या शेजारामुळे? कारण कळलं की जोर फारसा लागत नाही.

सीटची नळी हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. सांगाडा पोलादी आणि सीटची नळीही पोलादी असेल तर दोघांमध्ये साधा गंज असतो. गंज म्हणजे लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी यांचं संयुग, आणि तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो. बंद फटीत तो फुगला की पाचरीसारखा काम करतो. इथे पातळ तेल आणि धीर, एवढंच औषध. तेल जितकं पातळ तितकं ते केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याची वात ज्या बळाने तेल वर ओढते त्याच बळाने, केसाहून बारीक फटीत शिरतं. पण ते तासात नाही, दिवसांत शिरतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा तेल सोडायचं, लाकडी ठोकळ्याने हलके टोले द्यायचे आणि सोडून द्यायचं. टोल्यांनी गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

नळी ॲल्युमिनियमची असेल तर प्रकरण निराळं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आहेत आणि मध्ये घामाचा किंवा पावसाचा खारट ओलावा, म्हणजे चक्क एक बॅटरीचा सेल झाला. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा इलेक्ट्रॉन सोडायला जास्त तयार असतं, म्हणून झिजतं ते, आणि त्याच्या जागी पांढरी, टणक भुकटी साचून फट गच्च भरते. बहुतेक जण इथे सांगाडा तापवतात. आता आकडे पाहा: एक अंश तापमान वाढलं की मीटरभर लांबीचं ॲल्युमिनियम सुमारे 23 मायक्रोमीटर वाढतं, पोलाद सुमारे 12. म्हणजे सगळंच तापलं तर आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा जास्त फुगते आणि पकड आणखी घट्ट होते. याच्या उलट, नळी थंड केली तर ती जास्त आक्रसते. 27 मिलीमीटर व्यासाची नळी आणि तिच्याभोवतीचा सांगाडा 50 अंशांनी थंड झाला, तर दोघांच्या आक्रसण्यात साधारण 15 मायक्रोमीटरचा फरक पडतो. हा फरक केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाइतकाच, पण पांढऱ्या भुकटीचा थर मोडायला अनेकदा तेवढा पुरतो. त्या क्षणी सीट धरून पिळ द्यायचा, ओढायचं नाही. अगदीच नाही निघाली तर कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो आणि पोलादाला हात लावत नाही, पण त्यात हायड्रोजन सुटतो, द्रावण तापतं, रंग जातो आणि अंगावर उडालं तर कातडी भाजते. मी तो शेवटचा मार्ग मानतो.

आता आट्यांकडे. डावं पायडल नेहमीसारखं उलट्या घड्याळी दिशेने फिरवून सोडवू पाहणारा माणूस ते आणखी आवळतच असतो, कारण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. का, याचं उत्तर घरबसल्या पाहता येतं. मुठीत एक पेन्सिल सैलसर धरा आणि दुसऱ्या हाताने तिचं टोक गोल-गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती हळूहळू फिरू लागते, पण उलट्या दिशेने. पायडलचा दांडा क्रँकच्या भोकात असाच वागतो. आट्यांमध्ये कितीही नाही म्हटलं तरी सूक्ष्म जागा राहतेच. पायाचा भार कायम खाली, क्रँक मात्र गोल फिरतोय, त्यामुळे भोकाच्या दृष्टीने भार त्याच्या कडेकडेने फिरत राहतो आणि दांडा उलट दिशेने किंचित-किंचित गडगडतो. उजव्या बाजूला हे गडगडणं सुलट्या आट्यांना आवळतं, डाव्या बाजूला सोडवलं असतं. म्हणून डावीकडे आटे उलटे पाडले. पायडलच्या छर्‍यांचं घर्षण नेमकं विरुद्ध दिशेला ओढत असतं, पण या गडगडण्यापुढे त्याचं काही चालत नाही.

हाच नियम पायडलच्या मधल्या धुऱ्याला, म्हणजे बॉटम ब्रॅकेटला लागू पडतो. ब्रिटिश पद्धतीच्या सायकलींमध्ये चेनच्या बाजूचा कप, म्हणजे छर्रे धरणारी आट्यांची वाटी, उलट्या आट्यांचा असतो. इटालियन सायकलींत दोन्ही बाजूंना सुलटे. आणि इथे एक सापळा आहे. ब्रिटिश कपाचा व्यास 1.37 इंच, म्हणजे 34.8 मिलीमीटर, आणि एका इंचात 24 आटे. जुन्या फ्रेंच कपाचा व्यास 35 मिलीमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर 1 मिलीमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. चुकीचा कप एखाद-दोन फेरे जातोही, मग जड होतो, आणि तिथे जोर लावला की सांगाड्याचे आटे कायमचे कापले जातात. कप हाताने सहज फिरत नसेल तर थांबायचं आणि व्यास मोजायचा.

कॉटर पिनेचं माझं काय चुकलं तेही सांगतो. ही पिन एका बाजूने उतरती घासलेली असते आणि पाचरीसारखी क्रँक व धुरा यांच्यामध्ये बसते. क्रँकला खालून आधार न देता हातोडी मारली तर टोल्याचा धक्का पिनेला कमी आणि धुऱ्यामार्गे छर्‍यांना जास्त बसतो. कडक छर्‍यांनी कपात खड्डे पडतात, आणि पिन मात्र जागची हलत नाही. क्रँकखाली जमिनीपर्यंत पोलादी नळीचा आधार उभा केला, नट पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतका सैल ठेवला आणि एकच नेमका टोला दिला, की बहुतेक पिना सुटतात. त्याहून चांगलं म्हणजे शिकंज्यासारख्या दाबयंत्राने दाबून काढणं.

सुटे भाग टेबलावर आले की गंज उतरवायचा. पॉलिश पेपरने घासणं मला आवडत नाही, कारण त्याने गंजाबरोबर चांगला धातू आणि मूळचा रंगही जातो. त्यापेक्षा ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ द्रावण. या आम्लाचा रेणू लोखंडाच्या अणूला दोन बाजूंनी पकडतो आणि गंजातून सोडवून पाण्यात घेऊन जातो. अशा पकडीला रसायनशास्त्रात जे नाव आहे त्याचं मूळ ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीच्या शब्दात आहे, आणि ते अगदी चपखल आहे. रात्रभर बुडवलेला तांबडा क्रँक सकाळी करडा होऊन निघतो, क्रोमची चकाकी तशीच राहते आणि पाणी हिरवट-पिवळं होतं. जास्त वेळ ठेवला तर पोलादावर पिवळी भुकटी चढते, म्हणून मधूनमधून पाहायचं. हे आम्ल विषारी आहे. शरीरात गेलं तर कॅल्शियमशी जुळून मूत्रपिंडात खडे धरतं. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, मोकळी हवा, आणि शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात भाग बुडवून उरलेलं आम्ल मारायचं. धुऊन झाल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर उघडं पोलाद तासाभरात पुन्हा तांबूस होतं.

क्रोमवरच्या तांबड्या ठिपक्यांना मात्र वेगळी समज लागते. चकाकणारा क्रोमचा थर बहुधा एक मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. खरं संरक्षण त्याच्याखालचा निकेलचा जाड थर करतो. क्रोमला बारीक चिरा असतात, त्यातून पाणी खाली उतरतं आणि निकेल जिथे फुटलंय तिथे पोलाद गंजून वर उमलतं. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा पातळ कागद पाण्यात भिजवून, चुरगाळून घासला की ठिपके निघतात. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. खड्डे मात्र राहतात. ते भरून येणार नाहीत, हे मनाशी मान्य करावं लागतं.

छर्‍यांचा इतिहास सायकलीशी घट्ट जोडलेला आहे. पॅरिसच्या ज्यूल स्युरिरे यांनी 1869 मध्ये सायकलीसाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर यांनी अशाच बेअरिंगच्या सायकलीवर जिंकली. जुन्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, कप आणि कोन (शंकूसारखा भाग) यांच्यामध्ये हे छर्रे फिरतात. उघडलं की आत बहुतेक वेळा घट्ट, तपकिरी मेणासारखा लगदा सापडतो. ग्रीस म्हणजे तेल अधिक साबण. साबणाचे तंतू स्पंजसारखे तेल धरून ठेवतात आणि थोडं-थोडं सोडतात. काळाच्या ओघात तेल निथळून जातं, उरलेलं ऑक्सिजनने घट्ट होतं आणि नुसता वाळका स्पंज राहतो. रॉकेलने सगळं धुवा, मग कोन बोटात धरून उजेडात फिरवा. छर्‍याच्या वाटेवर एकसारखी चकचकीत पट्टी दिसली तर कोन चांगला. पट्टीत खाजवल्यासारखे खड्डे असतील तर तो बदलायचा, कारण छर्‍याचा भार टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर येतो आणि खड्ड्याची कड दर फेऱ्याला तुटत जाते. छर्रे नेहमी सगळे नवे, एकाच खोक्यातले घालावेत. त्यातला एक जरी किंचित मोठा असेल तर सगळा भार त्याच्यावरच येतो.

चाकाबद्दल लिहायला घेतलं की मला थांबणं जड जातं. 2 मिलीमीटर जाडीची एक आरी, म्हणजे स्पोक, हाताने सहज वाकते. तरीही अशा 36 आऱ्या धडधाकट माणसाचं वजन पेलतात. पूर्वीच्या लाकडी चाकाचे आरे खांबासारखे दाबाखाली उभे असत. सायकलीच्या आऱ्या आधीच ताणून ठेवलेल्या असतात, प्रत्येकीत साधारण 100 किलो वजन टांगल्याइतका ताण. भार पडला की जमिनीकडच्या चार-पाच आऱ्यांचा ताण कमी होतो आणि बाकीच्यांचा जवळपास तेवढाच राहतो. ताण कमी होणं हेच त्यांचं भार उचलणं. ताण शून्यावर येऊ नये, एवढीच अट. आरी सैल असेल तर ती दर फेऱ्याला पूर्ण ढिली पडते आणि पुन्हा खेचली जाते. 28 इंची चाकाचा घेर सुमारे 2.2 मीटर, म्हणजे हजार किलोमीटरमध्ये साडेचार लाख वेळा. धातू थकतो आणि आरी हबजवळच्या कोपरात तुटते. लोक म्हणतात आरी जास्त ताणल्यामुळे तुटली. बहुतेक वेळा ती सैल असल्यामुळे तुटलेली असते.

म्हणून चाकाचा आउट, म्हणजे रिमची डावी-उजवी डगमग, काढताना मी आधी कानाने काम करतो. प्रत्येक आरी बोटाने छेडायची. एकाच बाजूच्या, एकाच लांबीच्या आऱ्यांचा सूर सारखा आला पाहिजे, तंबोऱ्याच्या तारा लावाव्यात तसा. एखादी खालच्या सुरात बोलली की ती सैल. मग रिम डावीकडे झुकली असेल तिथे उजव्या फ्लँजकडे, म्हणजे हबच्या उजव्या चकतीकडे, जाणारी आरी पाव फेरा आवळायची आणि डावीकडची पाव फेरा सोडायची. अर्ध्या फेऱ्याचा मोह टाळायचा. हबपासून सरळ न निघता स्पर्शरेषेत निघणाऱ्या आऱ्यांचं चाक जेम्स स्टार्ली यांनी 1874 मध्ये आणलं. पायडलचा पिळ हबकडून रिमकडे नेण्याचं काम याच तिरकस आऱ्या करतात.

तीन गिअरचा जुना हब हाती लागला तर त्याला घाबरू नका. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या प्रसिद्ध एडब्ल्यू हबमध्ये मधलं चाक 20 दात्यांचं आणि ते एक्सलला पक्कं असतं. बाहेरची कडी 60 दात्यांची, आणि दोघांमध्ये फिरणारी छोटी चाकं एका पिंजऱ्यात बसवलेली. चेनने पिंजरा फिरवला आणि कडीने हब फिरवला तर वेग 80 (60 अधिक 20) भागिले 60, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश पट. उलट केलं तर तीन चतुर्थांश. सगळा गिअर या दोन संख्यांत आहे, आणि अनेक हबांच्या अंगावर बनल्याचं वर्षही कोरलेलं असतं, त्यावरून मागच्या चाकाचं वय कळतं.

सांगाडा रंगवायचा की नाही, यावर माझं मत ठाम आहे: मूळ रंग अर्धा जरी शिल्लक असेल तर ठेवावा. तो एकदा गेला की गेलाच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासून धूळ उडवू नये. त्याआधी सांगाड्याची तपासणी करावी. हँडलच्या नळीजवळ, खालच्या नळीच्या पोटाला सुरकुती किंवा रंगात बारीक आडवी चीर दिसली तर सायकल कधीतरी समोरून आपटलेली आहे. चिमट्यावर, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कवर, तडा असेल तर तो चिमटा वापरू नये, कितीही देखणा असला तरी.

शेवटचं काम माझ्या आवडीचं. हबमध्ये ग्रीस भरलं, छर्रे बसवले, कोन इतकाच आवळला की एक्सल खिळखिळत नाही आणि अडकतही नाही. चाक चिमट्यात बसवायचं, सायकल उचलून धरायची आणि चाक बोटाने हळूच ढकलायचं. ते फिरत-फिरत मंदावतं, थांबल्यासारखं वाटतं, आणि मग उलटं वळतं. रिमचा जो भाग एक-दोन तोळ्यांनी जड आहे, बहुधा व्हॉल्व्हची किंवा जोडाची बाजू, तो खाली यायला लागतो. लंबकासारखे पाच-सहा झोके घेत, प्रत्येक वेळी थोडे लहान, चाक स्थिरावतं.